कोण कुठल्या खणात झोपलंय

अकरा महिने आधी

१८ ऑक्टोबर १९९२. लातूर जिल्ह्यातली किल्लारी हादरते. ऑगस्टपासूनच जमिनीखालून गुरगुर ऐकू येत होती, आता भिंतींना तडे जातात. लोक घाबरून अंगणात बाजा टाकतात. पण सरकारी भूकंप-नकाशात हा सगळा मुलूख पहिल्या झोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. दख्खनचा खडक पक्का, इथं काही होत नाही, हीच तेव्हाची समजूत. धक्के हळूहळू विरळ होतात आणि बाजा परत घरात जातात.

दहा तास आधी

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, संध्याकाळचे सहा. अनंत चतुर्दशी. उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. जिल्ह्याची हद्द ओलांडली की लातूरकडची किल्लारी, तळणी, मंगरूळ. तेरणा नदीच्या खोऱ्यातल्या या गावांतून गणपती निघालेत. लेझीम, गुलाल, ट्रॅक्टर. बाहेरगावी शिकणारी, नोकरी करणारी पोरं सणाला घरी आली आहेत.

पाच तास आधी

रात्रीचे अकरा. विसर्जन आटोपून दमलेली माणसं घराकडे वळतात. इथलं घर नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडतं. लाकडी खांब, दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यावर दरवर्षी नवी माती पडते आणि पिढ्या सरतात तसं छताचं ओझं वाढत जातं. भिंती दोन-अडीच फूट जाड, काळ्या दगडाच्या, पण आत नुसता चिखल. बाहेरचा थर आणि आतला थर यांना बांधून ठेवणारे आडवे लांब दगड बहुतेक घरांत नाहीत. उन्हाळ्यात या घराइतका गारवा कुठं मिळत नाही, आणि जाड भिंत ही घराण्याची ऐपत मानली जाते. ज्याची भिंत जाड, तो सुरक्षित, असंच साऱ्यांना वाटतं.

काही मिनिटं आधी

काही गावांतल्या मिरवणुका नुकत्याच संपल्यात. मुंबईतही राज्यभरचं विसर्जन पार पडल्याची खात्री करून मुख्यमंत्री शरद पवार पहाटेच आडवे झाले आहेत.

३ वाजून ५६ मिनिटं

गुरुवार, ३० सप्टेंबर. रिश्टर मापावर सहाच्या वर, आणि केंद्र जमिनीखाली फार खोल नाही. भिंतींचे दोन थर सुटे होऊन कोसळतात, त्यांच्यावर माळवदाची माती. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहतो. माणसं दगडमातीखाली जातात. दोन्ही जिल्ह्यांत मिळून जवळपास ८,००० मृत्यू. ५२ गावं अशी, की ती पुन्हा त्याच जागी उभी राहणार नाहीत.

पहाटे चार ते उजाडेपर्यंत

मुंबईत खिडक्या थरथरल्यावर पहिला संशय कोयनेवर जातो. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण आहे ना. केंद्र किल्लारीजवळ असल्याचं कळतं आणि सकाळी मुख्यमंत्री तिथं पोचतात. लष्कर येईल, स्वयंसेवक येतील, परदेशी पथकं येतील. पण ते पहिले तास गावाचेच होते, आणि मला या घटनाक्रमात सर्वांत मोलाचं तेच वाटतं. जे अंगणात किंवा ओसरीत झोपले म्हणून वाचले, ते हातांनी, खोऱ्यांनी, सापडेल त्या लाकडानं उकरत होते. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, पण कुठल्याही यंत्राला ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांना ठाऊक होती: शेजारी कुठल्या खणात झोपतो, म्हातारी कुठल्या कोपऱ्यात, लेकरं कुणाजवळ. रोजच्या येण्याजाण्यातून झालेली ही ओळख होती. मातीखाली माणूस गुदमरतो. चुकीच्या जागी उकरण्यात गेलेली अर्धी घटका परत मिळत नाही. शेजाऱ्याच्या घरात आपण आतपर्यंत वावरलेलो असतो, म्हणून कुठं उकरायचं हे आपल्याला कळतं.

दुपारपासून पुढे

चितांना लाकूड पुरेना. पडक्या घरांच्याच तुळया आणि खांब सरणासाठी काढावे लागले. नंतर पाऊस आला. रस्त्यांवर मदतीच्या ट्रकांबरोबर बघ्यांच्या गाड्यांचीही रांग लागली आणि जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडले. मदत करण्यापूर्वी समोरच्याला काय हवंय हे विचारावं, एवढंही पुष्कळांना सुचलं नाही.

विचारणारे होते, त्यांचं काम टिकलं. शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेलं आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं वर्षानुवर्षं वाहिली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या पुनर्वसनात घरदुरुस्तीचे हप्ते, मजबुतीकरण, सिमेंटचा हिशेब हे सगळं या बायका घरोघर समजावून सांगत. चार भिंतींबाहेर फारसं न बोललेल्या बाया अभियंत्याला थांबवून विचारू लागल्या, की इथं आडवा दगड का नाही?

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी होती, माणसं अनोळखी होती. यादीत नाव कसं लागतं, गवंड्यावर नजर कशी ठेवायची, घर पुन्हा उभं करताना बाईनं कुठं बोलायचं, हे त्यांनी घर गमावलेल्या कच्छी बायकांजवळ बसून सांगितलं.