एक इंचाचा ढाळ

शिडीवरून माणूस पडला की सगळे वर बघतात. किती उंचावर होता, तोल कसा गेला, चक्कर आली का, हेच प्रश्न विचारले जातात. शिडीचे पाय जिथे टेकले होते ती जमीन कोणी पाहत नाही. म्हणून हा घटनाक्रम जमिनीपासून मांडला आहे. तो कोणा एका घराचा पंचनामा नाही. दिवाळीच्या तोंडावर जुळे सोलापुरातल्या कुठल्याही गल्लीत रंगकाम करताना गोष्टी ज्या क्रमाने बिघडत जातात, त्या एका दिवसात एकत्र आणल्या आहेत. नावे नाहीत. पेंटर, त्याचा हेल्पर, ठेकेदार, घरमालक आणि काकू, एवढीच मुख्य माणसे.

बऱ्याच वर्षांपूर्वी

घर बांधले तेव्हा पायासाठी खणलेला चर पुन्हा बुजवला गेला. मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसून भरायला हवा होता. पण निघालेली काळी मातीच राडारोड्यासकट परत लोटली आणि वर शहाबादी फरशी अंथरली. बाजूच्या बोळात पाणी साचू नये म्हणून फरशीला गेटच्या दिशेने ढाळ दिला. तो योग्यच होता. पण काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी थोडी थोडी करत भिंतीलगतची एक रांग खचली. आता दोन शेजारच्या फरशांमध्ये जवळजवळ एक इंचाचा फरक आहे. घरच्यांच्या पायांना तो सवयीचा झालाय.

आदल्या दिवशी संध्याकाळी 6.20. बावीस तास बाकी

घरमालक विचारतात, "पायाड बांधणार ना?" ठेकेदार म्हणतो, "दोन दिवसाच्या कामाला पायाड कशाला ओ साहेब? भाडं, टेम्पो, वर बांधणाऱ्याची मजुरी. शिडीवरनं होतंय की." मालकांनाही ते बरे वाटते. त्यांचा खर्च वाचतो.

माझ्या मते अपघाताचा पहिला निर्णय इथे, चहाच्या कपासोबत झाला, आणि तो ज्याला वर चढायचे होते त्याला न विचारता झाला. लोखंडी पायाडाच्या प्रत्येक पायाखाली आट्यांचा जॅक बसवता येतो. जमीन खालीवर असली तर प्रत्येक पाय वेगळा फिरवून वरची फळी सपाट करायची, हेच त्या जॅकचे काम. खचलेल्या बोळासाठी तो होता.

सकाळी 8.40. पावणेआठ तास बाकी

पेंटर आणि हेल्पर येतात. ॲल्युमिनियमची शिडी, पुट्टीची गोणी, प्रायमरचा डबा, रोलर. शिडीच्या एका पायाची रबरी टोपी झिजून गुळगुळीत झालीय. दुसऱ्या पायाची टोपीच नाही, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय.

सकाळी 9.10. सात तास बाकी

शिडी लावली. ती एका बाजूला कलते, हे पेंटरला लगेच दिसते. वीस वर्षांचा हात आहे, नजर चुकत नाही. तो हेल्परला सांगतो, "तिकडचा तुकडा आण रे." कोपऱ्यात फुटलेल्या शहाबादीचे तुकडे पडले आहेत. एक इंचभर जाडीचा तुकडा खालच्या पायाखाली सरकवला, शिडी उभी दिसू लागली. पेंटर दोन पायऱ्या चढतो, अंग हलवून बघतो. "बसली."

हा हिशेब शांतपणे करण्यासारखा आहे. शिडीच्या दोन पायांत अंतर 15 इंच. जमिनीत फरक 1 इंच. शिडी भिंतीला 16 फुटांवर, म्हणजे 192 इंचांवर टेकलीय. खाली 15 इंचांत 1 इंच, तर वर 192 इंचांत जवळजवळ 13 इंच. पायाशी बोटभर दिसणारा फरक डोक्याशी फुटाहून जास्त होतो. तुकडा जागेवर आहे तोवर शिडी सरळ. तो निसटला, तर वरचे टोक फूटभर बाजूला जाऊ पाहते, माणसासकट. आणि शिडी खालच्या बाजूला कलू लागली की सर्वांत जास्त वजन खालच्याच पायावर येते, तुकड्यावर उभ्या असलेल्या.

दुसरी गोष्ट त्या "बसली"ची. 16 फुटांवर टेकणाऱ्या शिडीचा पाय भिंतीपासून 4 फूट दूर हवा, चाराला एक. या पेंटरने तेवढा ठेवलाय, ते त्याने बरोबर केले. पण अशा शिडीचा पाय भिंतीपासून बाहेर ढकलणारा जोर माणूस जसजसा वर जातो तसतसा वाढतो. 70 किलोचा माणूस 4 फुटांवर असताना तो, शिडीचे स्वतःचे वजन सोडून, चार-साडेचार किलो भरतो. तोच माणूस 14 फुटांवर गेला की 15 किलो. दुसऱ्या पायरीवर हलवून पाहिलेली शिडी दुसऱ्या पायरीपुरतीच खरी असते.

शिड्यांसाठी आपल्याकडे वेगळे भारतीय मानक आहे, आयएस 3696 चा दुसरा भाग, 1991 सालचा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने तर उताराचीही मर्यादा घातलीय. आडवा उतार 16 अंशांपेक्षा जास्त नको, आणि तोही पायऱ्या नीट साधनाने समपातळीत आणूनच. पाठीमागचा उतार 6 अंशांपेक्षा जास्त नको. या बोळाचा आडवा उतार जेमतेम 4 अंश आहे, म्हणजे जमीन मर्यादेत आहे. घात आहे तो पायाखालच्या सुट्या तुकड्यात. खालचा पाय उचलण्यापेक्षा वरच्या पायाखालची जागा खाली घ्यायची, ही जास्त भरवशाची रीत. इथे वरच्या बाजूची एक फरशी उचलून माती खरवडली असती तर अर्धा तास गेला असता. किंवा काही दिवस आधीच खचलेल्या रांगेवर वाळू-सिमेंटचा थर दिला असता, तर सकाळी शिडीला कडक, सपाट जागा मिळाली असती.

दुपारी 12.50. साडेतीन तास बाकी

शिडी तिसऱ्यांदा सरकवून झालीय. दर वेळी नवी फरशी, नवा फरक, नवा तुकडा. आता तुकड्यावर तुकडा आहे. दोघे जेवायला बसतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी.

दुपारी 1.30. तीन तासांना दहा मिनिटे कमी

नळाला पाणी येते. सोलापुरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे पाण्याच्या दिवशी घर वेगळ्याच लगबगीत असते. हौद भरायचा, वरची टाकी भरायची, पिंपे भरायची, आणि पाणी आहे तोवर अंगण धुऊन घ्यायचे. काकू पाइप घेऊन बोळ धुतात. सकाळपासून भिंत घासल्याचा पांढरा भुगा सगळीकडे पडलाय, त्यांना तो घाण म्हणून दिसतो. पाणी ढाळाने गेटकडे जाते, पण खचलेल्या रांगेत थांबते. तिथे भुग्याची पातळ लापशी होते.

काकूंना दोष देता येणार नाही. शिडीखालची जागा कोरडी राहिली पाहिजे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दोन खुर्च्या आडव्या लावून दोरी बांधली असती तरी त्यांनी तेवढा भाग सोडला असता.

दुपारी 2.45. दीड तास बाकी

शिडी चौथ्या जागी. वरचा तुकडा पुसून घेतला, खालचा तसाच राहिला. हेल्पर शिडी धरून उभा आहे. तोच डबेही कालवतो, तोच बादलीही वर देतो, म्हणजे शिडी अधूनमधूनच धरली जाते. भिंतीत खिडकीची मजबूत जाळी आहे. तिला शिडीचे दोन्ही दांडे दोरीने बांधता आले असते. मग पाय घसरला असता तरी वरचे टोक सुटले नसते. दोर टेम्पोत होता, टेम्पो दुसऱ्या साइटवर.

दुपारी 4.05. पंधरा मिनिटे बाकी

उजवीकडे हातभर पट्टा उरलाय. खाली उतरायचे, शिडी सरकवायची, पुन्हा तुकडे जुळवायचे, पुन्हा चढायचे. दिवस कलतोय, ठेकेदाराचा दोनदा फोन येऊन गेलाय. पेंटर ठरवतो, एवढे लांबूनच मारू.

शिडीवर बेंबी दोन दांड्यांच्या आत राहिली पाहिजे. ती दांड्याबाहेर गेली की वजन एकाच पायावर उतरते.

दुपारी 4.18

हेल्पर पुट्टी कालवायला वळतो.

दुपारी 4.20

पेंटर 13-14 फुटांवर, डावा हात दांड्यावर, उजवा ताणलेला. खालचा पाय ज्या बाजूला तुकड्यांवर आहे, त्याच बाजूला. ओल्या शहाबादीवरचा शहाबादीचा तुकडा सरकतो. शिडीचे टोक भिंतीवर खरडत जाते, रोलर आधी पडतो. पेंटर कंपाउंडच्या कडेवर पाठीने आपटतो आणि मग फरशीवर येतो.

4.21 ते 4.40

शेजारचे धावतात. एक जण बगलेत हात घालून त्याला बसवू बघतो, एक जण तोंडाशी पाण्याचा तांब्या धरतो. माया खरी आहे, पण या दोन्ही गोष्टी टाळायला हव्यात. पाठीचा मणका दुखावला असेल तर उचलून बसवण्यात उरलीसुरली शक्तीही जाऊ शकते. शुद्ध हरपत असेल तर पाणी श्वासात जाऊ शकते. आडवा आहे तसाच राहू द्यायचा, डोके दोन हातांनी स्थिर धरायचे, 108 ला फोन करायचा. हेल्पर, सगळ्यात लहान तोच, ओरडतो, "हात लावू नका, मामाला हात लावू नका!" आणि त्याचे कोणीतरी ऐकते.

पेंटर शुद्धीवर आहे. तो म्हणतो, पाय कळेनात.

संध्याकाळी 7.00

सिव्हिलच्या आवारात ठेकेदार, पेंटरचा भाऊ आणि घरमालक उभे आहेत. खर्चाचे काय, हा प्रश्न कोणी मोठ्याने काढत नाही. 1996 साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, तेव्हा 10 किंवा अधिक कामगार असलेली कामेच त्यात धरली गेली. स्वतःच्या राहत्या घराचे 10 लाखांपर्यंतचे काम करून घेणारा मालकही बाहेर ठेवला गेला. दोन माणसांचे, दोन दिवसांचे, एका बंगल्याचे रंगकाम त्या चौकटीत कुठेच बसत नव्हते. मला हे वगळणे अन्यायाचे वाटते. मोठ्या साइटवर निदान सुपरवायझर असतो, पायाड असते, कागदावर का होईना नियम असतात. बोळात शिडी लावणाऱ्याच्या वाट्याला फरशीचे तुकडे येतात.

एक दार उघडे होते. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात 18 ते 60 वयाच्या कामगाराला वैयक्तिक नोंदणी करता येते, आणि रंगकामही त्यात धरले जाते. अट अशी की मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. पेंटरची नोंदणी होती. नूतनीकरण राहिले होते, कारण 90 दिवसांचा दाखला तीन ठेकेदारांमध्ये विभागला गेला होता आणि सही करायला प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले होते. त्या तिघांपैकी एक आता आवारात समोरच उभा आहे. भाऊ पिशवीतून अर्ज काढून त्याच्याकडे जातो.