वाऱ्याची परीक्षा

कसबा बावड्यास पंचगंगेकांठीं आषाढांत पश्चिमेचा वारा सुटला, म्हणजे फेकलेली हलकी चकती सरळ जाईल, असा भरंवसा कोणीं देऊं नये. समोरचा बेताचा वारा थाळीफेकींतील २ किलोची थाळी उचलून दूर नेतो. हलक्या चकतीस मात्र तो कलंडवितो. साखळ्यांच्या टोपलींत चकती टाकण्याच्या ‘डिस्क गोल्फ’ खेळास ही अडचण पहिल्यापासूनची. १९६७ सालीं अमेरिकेंत एड हेड्रिक यांस जें पेटंट मिळालें, त्यांत चकती स्थिर राहावी म्हणून तिच्या पाठीवर वर्तुळाकार उंचवटे होते. १९८३ सालीं डेव्ह ड्युनिपेस यांनीं तिची कड पाचरीसारखी निमुळती केली; तेथून लांब पल्ल्याच्या ‘ड्रायव्हर’ चकत्या निघाल्या. शांत हवेंत चकतीचे दोष झांकतात. म्हणून नव्या चकतीचा निवाडा समोरच्या वाऱ्यांतच करावा.