लाकडी ‘मॉपी’ आणि फायबरग्लासचे युग

१९६० साली मायामीहून बहामा बेटांवरील नसाऊकडे मोटारबोटींची शर्यत निघाली, तेव्हा समुद्र खवळलेला होता. ‘मॉपी’ नावाची तीस फुटी नौका सुमारे आठ तासांत नसाऊला पोहोचली. तिसऱ्या क्रमांकाची नौका पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. ही विजयी नौका लाकडाची होती. आणि तरीही वेगनौकांच्या जगातील लाकडाचे राज्य संपवण्यात तिचा मोठा वाटा आहे. ते कसे, हे सांगणारा हा थ्रेड.

आधी त्या राज्याचे वैभव पाहू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मोटारबोट म्हटले की मिशिगन राज्यातील अल्गोनॅक गावच्या ‘क्रिस-क्राफ्ट’चे नाव ओठांवर येई. ओक लाकडाच्या फासळ्या, त्यांवर महोगनीच्या फळ्या आणि वर आरशासारखे चकाकणारे व्हार्निश. दिसायला राजस, पण सांभाळायला कठीण असे हे प्रकरण होते. हिवाळाभर कोरड्यात ठेवलेल्या नौकेच्या फळ्या आकसत. वसंतात ती पाण्यात सोडली की आधी थोडे पाणी आत येई. मग लाकूड फुगून फटी आपोआप बुजत. व्हार्निशचे काम तर दरवर्षी ठरलेलेच.

लाकूड नाजूक होते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी पीटी बोटी (टॉर्पेडो सोडणाऱ्या वेगवान नौका) प्लायवूडच्या होत्या, असे आजही सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. ‘एल्को’ कंपनीच्या ८० फुटी पीटी बोटीचे कवच महोगनीच्या एकेक इंच जाडीच्या फळ्यांच्या दोन थरांचे असे आणि त्यांच्यामध्ये सरसात भिजवलेले कापड असे. २ ऑगस्ट १९४३ रोजी ‘अमागिरी’ या जपानी विनाशिकेने जॉन केनेडी यांच्या ‘पीटी-१०९’चे दोन तुकडे केले. तरीही पुढचा तुकडा कित्येक तास तरंगत राहिला आणि वाचलेले खलाशी त्याला धरून राहिले. पण युद्ध संपल्यावर फिलिपाईन्समधील सामार बेटावर शंभराहून अधिक पीटी बोटी नौदलाने स्वतःच जाळून टाकल्या. दुरुस्ती आणि देखभाल यांचा खर्च पाहता त्या परत नेणे परवडणारे नव्हते.

लाकडाचा खरा दोष इथे दिसतो. कमी पडत होती ती त्याची ताकद नव्हे. त्याच्यामागे राबावे लागणारे हात फार होते.

काचेचे तंतू १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. ‘ओवेन्स-कॉर्निंग’ ही कंपनी १९३८ साली स्थापन झाली. त्याच दशकात पॉलिएस्टर राळ आली. काचेचे कापड या राळेत भिजवले की ती उष्णतेशिवायही कडक होते. ओहायोतील टोलेडो शहराच्या रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास अशी छोटी होडी घडवली. पुढची दीड दशके मात्र हे प्रयोग लहान होड्यांभोवतीच फिरत राहिले. मोठ्या कंपन्यांना भरवसा वाटत नव्हता. क्रिस-क्राफ्टने १९५५ साली ‘कोब्रा’ ही नौका बाजारात आणली. तिचे अंग महोगनीचे होते आणि मागे माशाच्या पंखासारखा सोनेरी कल्ला तेवढा फायबरग्लासचा. नवे द्रव्य अजून दागिन्यापुरतेच होते!

आता पुन्हा ‘मॉपी’कडे. १९५८ साली न्यूपोर्ट येथे ‘अमेरिकाज कप’ स्पर्धेच्या वेळी डिक बर्ट्राम या शिडाच्या नौका हाकणाऱ्या गृहस्थांना एक छोटी मोटारबोट लाटा कापत सहज जाताना दिसली. तिचे रचनाकार होते रे हंट. तोवरच्या बहुतेक वेगवान नौकांचा तळ मागच्या बाजूला जवळजवळ सपाट होत जाई. त्यामुळे शांत पाण्यात वेग मिळे, पण लाटेवर नौका फळी आपटावी तशी आपटे. हंट यांनी तळाचा इंग्रजी ‘व्ही’सारखा खोल आकार थेट मागच्या टोकापर्यंत तसाच ठेवला. बर्ट्राम यांनी त्याच धर्तीची तीस फुटी नौका लाकडात बांधून घेतली आणि पत्नीच्या लाडक्या नावावरून तिला ‘मॉपी’ म्हटले.

शर्यत जिंकल्यावर बर्ट्राम यांनी लाकडी नौकांची मागणी नोंदवायला घेतली नाही. त्यांनी ‘मॉपी’वरूनच साचा काढला. ही कृती समजून घेण्यासारखी आहे. मूळ आकार घासून गुळगुळीत करायचा, त्यावर मेण चढवायचे आणि मग काच व राळ यांचे थर देऊन त्याचा उलटा ठसा घ्यायचा. हा झाला साचा. त्याच्या आत सर्वांत आधी रंगीत चकाकीचा थर, मग राळेत भिजवलेल्या काचकापडाचे थर, आणि रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे. कडक झाली की नौका अखंड बाहेर येते. लाकडी नौकेत सांगाडा पहिला आणि झळाळी शेवटी. इथे झळाळी पहिली! पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. सुताराची नजर आणि रंधा एकदाच लागतो. पुढच्या प्रत्येक नौकेला त्या सुताराची गरज उरत नाही.

‘बर्ट्राम ३१’ जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात मांडली गेली आणि पुढे सुमारे दोन दशके बनत राहिली. त्याआधी काही महिनेच, मार्च १९६० मध्ये, विलिस स्लेन यांच्या ‘हॅटरस’ कंपनीची ४१ फुटी फायबरग्लास नौका पाण्यात उतरली होती. ती घडली नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट येथे. हे गाव समुद्रापासून कोसो दूर आणि प्रसिद्ध कशासाठी, तर लाकडी फर्निचरसाठी! १९६४ साली क्रिस-क्राफ्टनेही ‘कमांडर’ ही संपूर्ण फायबरग्लासची नौका आणली. इटलीच्या ‘रिवा’ने मात्र आपली महोगनीची ‘अक्वारामा’ १९९६ पर्यंत चालू ठेवली. पण तोवर ती मूठभर श्रीमंतांची हौस झाली होती. आपल्या कोकण किनाऱ्यावरही सागवानी होड्यांच्या शेजारी आता फायबरच्या होड्या दिसतात.

आणि लाकूड खरोखर गेले का? त्या काळच्या कित्येक फायबरग्लास नौकांमध्ये तळाला आधार देणाऱ्या लांब पट्ट्या आणि इंजिनाचा भार पेलणारी मागची भिंत आतून लाकडाची किंवा प्लायवूडचीच असे, वरून काचेचे आवरण. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपले की आतले लाकूड कुजत राही आणि बाहेरून काहीच कळत नसे. म्हणून आजही जुनी फायबरग्लास नौका विकत घेणारा जाणकार हातात छोटी हातोडी घेऊन येतो आणि तिच्या पाठीवर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकतो. टणक आवाज आला तर ठीक. बोदा आला की आतले लाकूड गेले, हे त्याला कळते.