आईच्या भाषेत शेवाळ

आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे. काही प्रवाळ, दोन क्लाउनफिश. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. खरं काम खालच्या कपाटातल्या डब्यात चालतं. तिथे दिव्याखाली कीटोमॉर्फाचा हिरवा गुंता फिरत असतो. आई त्याला शेवाळ म्हणते. "हे एकदा घासून टाक की!"

ते का टाकत नाही, याचं उत्तर १८४६ सालात आहे. ॲना थिन या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. समुद्र लांब, म्हणजे आमच्यासारखंच. पाणी सारखं बदलणं अशक्य. मग त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. हा किस्सा वाचताना मला बाईंपेक्षा मोलकरणीच्या खांद्यांचीच जास्त काळजी वाटते. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्री शेवाळ सोडलं आणि प्रवाळ तगले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला आलं. पुढे पंप आले, फिल्टर आले, आणि शेवाळ म्हणजे घाण असं ठरलं. पण माशांच्या विष्ठेतून शेवटी जे नायट्रेट साठतं, त्याचं काय? शेवाळ ते खाऊन वाढतं. वाढलेलं शेवाळ कापून बाहेर काढलं, की नायट्रेटही बाहेर. कापलं नाही तर उपयोग शून्य.

मी आधी कॉलर्पा लावला होता. दिसायला सुंदर, वाढायला सुसाट. कितीही पसरला तरी तो सगळा मिळून एकच पेशी असतो, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. एका सकाळी तो पांढरा पडला, पाणी हिरवट दुधाळ. प्रजननासाठी त्याने अंगातलं सगळं पाण्यात सोडलं होतं. संध्याकाळपर्यंत एक मासा गेला. नंतर वाचलं, मत्स्यालयांत वाढलेली याचीच एक जात १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात दिसली, जेमतेम एक चौरस मीटर. पुढे तिने भूमध्य समुद्राचा हजारो हेक्टर तळ व्यापला.

आता फक्त कीटोमॉर्फा. टाकीचे दिवे मालवले की कपाटातला लागतो. रात्री मासे आणि प्रवाळ ऑक्सिजन वापरतात, तेव्हा हा गुंता तो बनवत राहतो. त्या मोलकरणीची पाळी, रात्रपाळी. महिन्याकाठी मी मूठभर गुंता काढून गोड्या पाण्यात खळखळून धुतो. आई कुरकुरते आणि तो मोगऱ्याच्या कुंडीत पुरते.