बोटीवरची मैलाटाकी आणि तिचा हिवाळा

इंग्रजी खलाशांच्या भाषेत जहाजावरील शौचालयाला 'हेड' म्हणजे डोके म्हणतात. शिडाच्या जहाजाला वारा बहुधा मागून किंवा बाजूने मिळतो. त्यामुळे देहधर्माची जागा नाळेपाशी, जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला ठेवली की दुर्गंधी पुढच्या पुढे निघून जाई आणि उसळणाऱ्या लाटा ती जागा धुऊन काढीत. टाकी नाही, नळी नाही. खाली अथांग पाणी. ही व्यवस्था शतकानुशतके चालली, कारण तिच्यामागे एक गृहीत होते: पाणी एवढे अफाट आहे की त्यात काहीही विरून जाते.

हे गृहीत डोळ्यांदेखत कोलमडलेले पाहायचे तर आपल्याला समुद्र सोडून उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांकडे जावे लागेल. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील द्रवरूप गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. मिशिगन सरोवराकाठचे शिकागो शहर पिण्याचे पाणी त्यातूनच घेई आणि मैला ज्या नदीत सोडी, ती नदीही त्याच सरोवराला मिळे. (वर्गात फळ्यावर हा नकाशा काढून दाखवला, तर पुढे काय झाले असेल ते मुलेच सांगतील.) १८६७ मध्ये शहराने सरोवराखालून दोन मैल लांबीचा बोगदा खणून दूरचे पाणी आणले. तेही पुरेना, तेव्हा कालवा खणून १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला.

शहराला नदी उलटी फिरवता आली. पण सरोवरावर फिरणाऱ्या जहाजांचे आणि बोटींचे काय? मिशिगन राज्याने १९७० मध्ये कायदा केला: प्रक्रिया केलेला असो वा नसो, मैला राज्याच्या पाण्यात सोडायचा नाही, ज्या बोटीवर शौचालय आहे तिच्यावर तो साठवण्याची सोय हवी. मालवाहू जहाजांचे मालक न्यायालयात गेले, आणि १९७२ मध्ये प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. त्या खटल्यातील एक तपशील आम्हाला कायद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. किनाऱ्यावर मैला उपसून घेण्याची सोय होईपर्यंत आम्ही खटले भरणार नाही, अशी भूमिका राज्याच्या अधिकाऱ्यांनी घेतली होती. म्हणजे टाकी सक्तीची, पण ती रिकामी करायची कोठे याचे उत्तर अजून मिळायचे होते! भरलेली टाकी घेऊन बोटवाला जाणार कोठे? काळोख पडला की झडप उघडण्याचा मोह त्याला होणारच.

१९७२ च्या केंद्रीय जलप्रदूषण कायद्याने ही अडचण ओळखली. राज्याला एखाद्या पाण्यात मैला सोडण्यावर पूर्ण बंदी हवी असेल, तर सामान्यतः तेथे उपसा केंद्रे पुरेशी आहेत हे आधी दाखवावे लागे. मात्र ती बांधण्यासाठी केंद्राकडून खास अनुदान मिळू लागले ते १९९२ च्या कायद्याने, तब्बल वीस वर्षांनी. पैसा आला तो मासेमारीचे साहित्य आणि बोटींचे इंधन यांवरील करातून. खुल्या समुद्रावर जुने गृहीत अजून पुरते मेलेले नाही. मोठ्या जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम २००३ मध्ये अमलात आले. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, साठवलेला कच्चा मैला सावकाश सोडायला ते सर्वसाधारणपणे परवानगी देतात.

टाकी आली आणि तिच्यामागोमाग नवी चिंता आली ती थंडीची. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, हे आपण शिकवतोच. बोटीच्या शौचालयाचा पंप, झडपा आणि वाकडेतिकडे नळ यांत अडकलेले वाटीभर पाणीही ते फोडायला पुरते. म्हणून शरद ऋतूत बोट पाण्याबाहेर काढण्यापूर्वी ती उपसा केंद्राला लावतात. तेथील पंप टाकी शोषून रिकामी करतो. या वेळी टाकीची हवानळी मोकळी असावी लागते. ती तुंबली असेल, तर आत निर्वात होऊन बाहेरचा वातावरणीय दाब, चौरस मीटरला सुमारे १० टन वजनाइतका, टाकीच चेपून टाकू शकतो. मग टाकीत स्वच्छ पाणी भरून पुन्हा उपसायचे, हे दोनतीनदा.

शेवटी शौचालयाच्या भांड्यातून गुलाबी रंगाचा प्रॉपिलीन ग्लायकॉलचा द्रव ओतून पंप मारायचा, तो दूरच्या टोकापर्यंत पोहोचेतो. रंगामुळे तो कोठवर पोहोचला ते दिसते. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी असे मिश्रण सुमारे उणे ३४ अंश सेल्सिअसला गोठू लागते. ग्लायकॉल तीन दशांशच उरले, तर सुमारे उणे १३ अंशांनाच. टाकी नीट न उपसता वर ग्लायकॉल ओतणाऱ्याची फसगत होते ती इथे. मोटारीच्या रेडिएटरमधील एथिलीन ग्लायकॉल मात्र येथे वापरीत नाहीत, कारण ते गोड आणि विषारी असते.

वसंतात बोट पुन्हा पाण्यात उतरली की तो गुलाबी द्रवही सरोवरात न सोडता त्याच केंद्रावर उपसून द्यायचा असतो.