बुद्धांच्या चिनी अक्षरातील ‘माणूस’

चिनी लिपीत बुद्धांसाठी ‘फो’ हे एकच अक्षर आहे. त्याच्या डाव्या बाजूला एक तिरपी आणि तिच्याखाली एक उभी अशा दोन रेघा असतात. ही ‘माणूस’ या अक्षराची आखूड खूण. ‘बुद्ध माणूस होते, हे चिनी लिपीच सांगते’ असे यावरून म्हणावेसे वाटते. ते कितपत टिकते?

मूलचिन्ह म्हणजे काय?

ज्या खुणेवरून शब्दकोशात चिनी अक्षर शोधतात, ते त्याचे मूलचिन्ह. १७१६ च्या कांग्शी शब्दकोशात अशी २१४ मूलचिन्हे आहेत, ‘माणूस’ नववे. माणसाशेजारी झाड आले की ‘विसावा’. संघासाठीच्या ‘सेंग’ अक्षरातही माणूस आहे. धम्मासाठीच्या ‘फा’ अक्षरात मात्र पाणी.

इतर देशांत

‘फो’ हेच अक्षर जपानीत ‘बुत्सु’ किंवा ‘होतोके’, कोरियनमध्ये ‘बुल’, व्हिएतनामीत ‘फत’ असे वाचले जाते. जपानने उजवा भाग सोपा केला, माणूस तसाच ठेवला. कोरिया आणि व्हिएतनाममध्ये आज रोजचे लेखन वेगळ्या लिपीत होते, त्यामुळे तिथे ही खूण सहसा दिसत नाही.

अर्थ की उच्चार?

हे अक्षर धम्म चीनमध्ये पोहोचण्याआधीचे आहे. ‘अस्पष्ट दिसणे’ हा त्याचा जुना अर्थ. उच्चार ‘बुद्ध’च्या जवळचा, म्हणून ते निवडले गेले. उजवा भाग उच्चार सुचवतो. पण तो सुटा वाचला तर अर्थ होतो ‘नाही’. त्यामुळे ‘जो माणूस नाही, तो बुद्ध’ असा उलटा अर्थ काढणारेही आहेत.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आलेल्या ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनात ‘महाराष्ट्र’ हे नाव ‘मो-हो-ला-चा’ अशा चार अक्षरांत आहे. त्यांची मूलचिन्हे अनुक्रमे हात, वाणी, सुरी आणि माणूस. त्यावरून महाराष्ट्राचा अर्थ लावता येत नाही. तिथे फक्त उच्चार उतरवला आहे. त्याच वर्णनातला डोंगरातील विहार म्हणजे सावदा-जळगावकरांना जवळचे अजिंठा, असे अभ्यासक मानतात.

मग पुरावा कुठे?

पाली साहित्यात बुद्ध म्हातारे होतात, आजारी पडतात, कुशिनारा येथे देह ठेवतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात त्यांना मोक्षदाता नव्हे, मार्गदाता म्हटले. आपली भूमिका या आधारावर भक्कम उभी आहे. ‘फो’ची गोष्ट जरूर सांगावी, पण पुरावा म्हणून नव्हे. तपासल्याशिवाय मानू नका, ही शिकवण आपल्या आवडत्या युक्तिवादालाही लागू होते.