रानपिंगळ्याची कैफियत

१८६१ साली नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाली आणि दोनच वर्षांनी येथे ते संग्रहालय उभे राहिले, ज्याला नागपूरकर आजही अजब बंगला म्हणतात. त्या काळचे पक्षिशास्त्र अशाच संग्रहांच्या आश्रयाने वाढले. हिवाळ्याच्या निरभ्र दिवसांत डोंगर तुडविणारे गोरे अंमलदार दुर्बिणीपेक्षा बंदुकीवर अधिक विसंबत. पाडलेल्या पक्ष्याचे कातडे सोलून, त्यात कापूस भरून, स्थळ, तारीख व मारणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली, की ती दप्तरी दाखल झालेल्या दस्तऐवजाइतकीच प्रमाण मानली जाई.

रानपिंगळ्याचे नशीब या चिठ्ठ्यांनीच घडविले आणि बिघडविलेही. नागपूरच्या अंमलाखालील, आज छत्तीसगडात असलेल्या फुलझर मुलखात ब्ल्यूइट याने मिळविलेल्या नमुन्यावरून अ‍ॅलन ह्यूम याने १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्ल्यूइटचेच नाव त्यास दिले. पुढे खानदेशात सनदी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहाद्याच्या बाजूस आणखी काही पक्षी टिपले. १८८४ नंतर मात्र विश्वसनीय असा दाखला उरला नाही. जो एक होता, तो कर्नल माइनर्ट्झहेगन या प्रतिष्ठित गृहस्थाचा : तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ मध्ये आपण हा पक्षी मारला, असे त्याची चिठ्ठी सांगत होती, आणि कर्नलसाहेबाच्या शब्दावर शंका घेण्याचा उर्मटपणा पुष्कळ वर्षे कोणी केला नाही. शहानिशा झाली तेव्हा उघड झाले, की तो नमुना डेव्हिडसनचाच, लंडनच्या संग्रहातून लांबविलेला आणि नव्याने भरलेला!

ती बनावट नोंद बाजूस सारून पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकांनी प्रथम पूर्वेकडची जुनी ठिकाणे धुंडाळली. तेथे हाती काही लागले नाही, तेव्हा ते शहाद्याकडे वळले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, तो त्यांना उघड्या फांदीवर उन्हात बसलेला दिसला. वास्तविक हा पक्षी लपणारा नव्हेच. गावपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपक्यांची दाटी असते, याच्या माथ्यावर ती जवळजवळ नाही; आणि सामान्य घुबडांच्या रिवाजाविरुद्ध हा भरदिवसा, विरळ सागवानी रानात, शेंड्यावर बसून भक्ष्य न्याहाळतो.

नंतर तो मेळघाटातही आढळला, आणि नागपूरकराने थोडे ओशाळावे ते इथे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेल्यापासून मेळघाटचा कारभार नागपूरच्या कचेऱ्यांतून पाहिला जात होता. तेथील सागवानाचा हिशेब ठेवण्यात जंगलखात्याने कसूर केली नाही, पण त्या सागाच्या शेंड्यावर उन्हात बसलेल्या या पाखराची नोंद त्या दीर्घ काळात एकाही अंमलदाराच्या हातून झाली नाही.